काढलेला वेळ आणि उसना वेळ

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी प्रस्तुत लेखकाने एका तलावात ७५० मीटर पोहून, त्यामागोमाग २० किलोमीटर सायकल चालवून आणि अखेरीस ५ किलोमीटर धावून आयुष्यातील पहिली ट्रायथलॉन स्पर्धा पूर्ण केली. वय सेहेचाळीस, व्यवसाय अर्थशास्त्राचे अध्यापन, अपत्ये दोन. लागलेला वेळ एक तास एकोणसाठ मिनिटे. क्रमांक कोणी विचारू नये. यादी खालून वर वाचल्यास तो लवकर सापडतो.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात अपेक्षेबाहेरचे कौतुक वाट्याला आले. सहकाऱ्यांनी पेढे मागितले, शिपायांनी हस्तांदोलन केले आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसमोर उभे करून सांगितले, "वेळ नाही ही सबब आहे. मनात आणले की वेळ काढता येतो. हे पाहा उदाहरण." त्यानंतर त्यांनी मला चार शब्द बोलावयास सांगितले. मी आभार मानून खाली बसलो. लोकांना ते विनयाचे लक्षण वाटले. वास्तविक माझी अडचण निराळी होती. जे विधान खरे नाही ते आपल्याच विषयाच्या वर्गात, आपलेच उदाहरण देऊन, कसे मान्य करावे, हे मला सुचेना. त्या दिवशी जे बोललो नाही ते येथे मांडावयाचे आहे.

प्रथम या क्रीडाप्रकाराविषयी थोडेसे. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे ही तीन अंगे मध्ये विश्रांती न घेता एकामागून एक पुरी करण्याची शर्यत. पाण्यातून बाहेर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा आणि सायकल ठेवून धावू लागेपर्यंतचा वेळही एकूण वेळात धरला जातो. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याखेरीज सायकलला हात लावावयाचा नाही, असा कडक नियम असतो. आज या नावाने ओळखली जाणारी पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे मिशन बे या उपसागराच्या काठी झाली. तीत ४६ स्पर्धक होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो बुधवार होता आणि शर्यत सायंकाळी, कामाचा दिवस संपल्यावर सुरू झाली. म्हणजे हा खेळ जन्मला तोच नोकरी करणाऱ्या हौशी माणसांच्या संध्याकाळच्या उरल्यासुरल्या वेळात. त्या ४६ जणांमध्ये जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी हे दोघेही होते. पुढे याच कॉलिन्स यांनी हवाई बेटांतील ओआहू येथे चालत आलेल्या तीन स्वतंत्र शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना काढली आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी 'आयर्नमॅन' शर्यत घडून आली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली, आणि पहिला आलेल्या गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

२००० साली सिडनी येथे हा प्रकार ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. आपल्याकडे २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिक येथील पूर्ण अंतराची शर्यत पुरी केल्यावर त्याचा बोलबाला झाला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आंतरराष्ट्रीय शर्यत भरली. आज मध्यम आकाराच्या शहरांतही लहान अंतराच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. मी उतरलो ती या कुटुंबातील धाकट्या भावंडांपैकी एक. पूर्ण अंतर २२६ किलोमीटरचे. माझे सर्व मिळून पावणेसव्वीस. तेव्हा पराक्रमाचा दावा करण्याचे कारण नाही.

या खटाटोपात मी पडलो तो हौसेने नव्हे. रक्ततपासणीत साखर सीमारेषेवर आल्याचे निघाले. डॉक्टरांनी कागदावर फक्त 'नियमित व्यायाम' एवढेच लिहिले. वीस वर्षे खुर्ची, फळा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत गेलेल्या माणसाला 'नियमित' या शब्दाची धास्तीच वाटते. कोणत्या तरी दिनांकाचा धाक असल्याखेरीज आपल्या हातून काही होणार नाही, एवढे आत्मज्ञान मला परीक्षाविभागात काम करून झालेले होते. म्हणून शर्यतीचे प्रवेशशुल्क भरून टाकले. ते आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाएवढे होते, त्यामुळे माघार घेणे महाग पडले असते. कृष्णाकाठच्या खेड्यात वाढल्यामुळे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकलो होतो. तथापि विहिरीत तरंगणे निराळे आणि श्वासाचा ताल सांभाळून सातशे पन्नास मीटर कापणे निराळे. सायकल जुनीच होती. तिचा कॅरियर आणि स्टँड काढून टाकला, नवे टायर घातले, आणि सायकल दुकानदाराच्या मते ती 'शर्यतीची' झाली.

वीस आठवड्यांचा सराव ठरविला. आठवड्याला सरासरी सहा तास: दोन दिवस पहाटे पोहणे, दोन दिवस धावणे, रविवारी सायकल आणि तिला जोडून थोडी धाव. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे होतात आणि दहा मिनिटे ते आपले ऐकत नाहीत, हा अनुभव शर्यतीपूर्वीच घ्यावा लागतो. अर्थशास्त्राचा शिक्षक असल्याने मी एक वही केली. दिनांक, प्रकार, अंतर, वेळ, नाडीचे ठोके, असे पाच रकाने आखले. वही उत्तम भरत होती. आठव्या आठवड्यापर्यंत माझे वजन चार किलोंनी उतरले होते आणि मला स्वतःविषयी आदर वाटू लागला होता.

ऑगस्टमधील एका गुरुवारी पहाटे साडेपाचला मी नेहमीप्रमाणे तलावावर गेलो. मोबाइल कपड्यांच्या पेटीत बंद होता. सव्वासातला परतलो तेव्हा दाराला कुलूप, आणि पायरीवर माझी आठवीतली मुलगी गणवेशात, मांडीवर दप्तर घेऊन, किल्ली हातात धरून बसलेली. धाकट्याला रात्री कणकण होती, ती पहाटे तापावर गेली. पत्नी आणि माझी आई भर पावसात रिक्षा करून त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. मला सहा वेळा फोन केलेला होता. मुलीचा डबा झालेला नव्हता. "बाबा, मला आज डबा नको, पण तुम्ही आलात की किल्ली द्यायला आईने बसवून ठेवलंय," एवढेच ती म्हणाली. ताप साधा होता, तिसऱ्या दिवशी उतरला. पत्नीची मात्र त्या दिवशी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा गेली. ती एका कार्यालयात लिपिक आहे आणि वर्षाच्या किरकोळ रजा तिच्याकडे मोजून-मापून असतात.

त्या रात्री मी अपराधी चेहऱ्याने वही उघडली आणि गुरुवारच्या ओळीत पोहण्याचे मीटर लिहू लागलो. पत्नी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करीत होती. तिने वहीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे. तो तास कोणाकडून आणला, ते तुम्ही कुठे लिहिता?"

वीस वर्षे मी मुलांना संधीव्यय शिकवीत आलो आहे. एखादी वस्तू मिळविण्यासाठी जिचा त्याग करावा लागतो ती वस्तू हीच तिची खरी किंमत, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत असते: मिळविणारा आणि त्याग करणारा एकच आहे. गृहस्थाश्रमात तसे नसते. तेथे लाभ एकाच्या खात्यावर आणि व्यय दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि दोन्ही खाती एकाच घरात असल्यामुळे तो व्यय दिसतही नाही.

सहावा रकाना मी त्या रात्री आखला आणि मागचे आठवडेही आठवून, पत्नीला विचारून, भरले. वीस आठवड्यांअखेर १२० तासांचा ताळेबंद असा निघाला: ४० तास माझ्या झोपेतून आले, १० तास वाचन आणि उत्तरपत्रिकांतून, १८ तास माझ्या आईकडून, आणि ५२ तास पत्नीकडून. म्हणजे ज्या वेळेविषयी 'प्राध्यापकांनी काढला' असे जाहीर कौतुक झाले, त्यातील निम्म्याहून अधिक वेळ प्राध्यापकांचा नव्हताच. तो उसना होता, आणि उसना घेताना विचारण्याचीही तसदी घेतलेली नव्हती.

हा एका घराचा हिशेब म्हणून सोडून देता आला असता. पण देशाचा हिशेब याहून फारसा निराळा नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली कालविभाजनाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहून असे दाखविले, की कुटुंब हे निव्वळ उपभोग घेणारे एकक नसून बाजारातील वस्तू आणि घरातील वेळ यांच्या संयोगातून जेवण, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा गोष्टी निर्माण करणारा तो एक लहानसा कारखाना आहे. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे या कारखान्यात कोण किती पाळ्या करतो हे कळावयास २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या देशव्यापी कालवापर पाहणीत असे आढळले, की घरातील बिनमोल कामात दिवसाकाठी सहभागी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आहे. आणि ज्या स्त्रिया हे काम करतात त्या सरासरी २९९ मिनिटे, तर जे पुरुष करतात ते ९७ मिनिटे देतात. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. दोघांचीही मिनिटे थोडी उतरली, अंतर मात्र २०२ चे २०१ झाले. पाच वर्षांत एक मिनिट! या गतीने समानता कोणत्या शतकात येईल, याचे गणित वाचकांनीच करावे.

आता यापुढे दुसरा आकडा ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम हवा. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ ही मर्यादा गाठत नव्हते, असा या संघटनेच्या अभ्यासकांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे ५७ टक्के होते. 'मनात आणले की वेळ काढता येतो' हे तत्त्वज्ञान मानावयाचे, तर भारतीय स्त्रीचे मन भारतीय पुरुषाच्या मनापेक्षा दुबळे आहे असे म्हणावे लागेल. जी पहाटे पाचला उठून चौघांचे डबे करते, आठची गाडी पकडते आणि रात्री अकराला ओटा पुसून दिवा मालवते, तिच्याकडे इच्छाशक्ती नाही असे म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही. तिच्याकडे नाही ती मोकळी सलग चाळीस मिनिटे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ऊसतोडणी कामगाराला किंवा डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाईला पोहा, सायकल चालवा, धावा, असे कोणी सांगणार आहे काय? हा सगळा पांढरपेशांचा छंद नव्हे काय? थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली रिकामटेकड्या वर्गाच्या दिखाऊ उपभोगावर जे कोरडे ओढले, त्यांतील काही या खेळातील महागड्या सायकलींच्या पाठीवर आजही बसतात, हे मी पाहिले आहे. माझ्या शेजारी उभी असलेली एक सायकल माझ्या सहा महिन्यांच्या घरभाड्याहून महाग होती. आक्षेप मान्य करूनही एवढे म्हणावेसे वाटते, की श्रम आणि व्यायाम यांतील फरकच मुळी वेळेच्या मालकीचा आहे. श्रमिकाचे शरीर दुसऱ्याच्या कामाच्या तालावर झिजते. व्यायामात माणूस आपले शरीर आपल्या वेळेत आपल्यासाठी वापरतो. तेव्हा प्रश्न पुन्हा तेथेच येतो: स्वतःचा म्हणावा असा वेळ कोणाकोणाकडे आहे?

मग मुलाबाळांच्या माणसाने अशा शर्यतींच्या वाटेस जाऊच नये काय? माझे मत तसे नाही. साखर उतरली, पाठदुखी गेली, दुपारच्या तासिकेला आवाज खणखणीत राहू लागला. आजारी बाप घराला व्यायाम करणाऱ्या बापापेक्षा कितीतरी महाग पडतो. परंतु दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, अंतर घराच्या ऐपतीने निवडावे. घटत्या उत्पादनफलाचा नियम येथेही लागू आहे. शून्यापासून आठवड्याच्या सहा तासांपर्यंत जाताना आरोग्याचा जो लाभ होतो, तो सहापासून पंधरापर्यंत जाताना त्या प्रमाणात होत नाही. घरावरील भार मात्र चढत्या प्रमाणात वाढतो. ज्याच्या घरी शाळकरी मुले आणि वृद्ध आई आहे, त्याने २२६ किलोमीटरांचे स्वप्न पाहण्यापूर्वी सहावा रकाना आधी भरावा. दुसरी गोष्ट, उसना वेळ परत करावा. आणि तो 'मदत' म्हणून नव्हे, देणे म्हणून.

घरातल्या घरात हे देणे फेडता येईल, पण सगळेच प्रश्न घरात सुटत नाहीत. आमच्याकडील एका सार्वजनिक तलावावर स्त्रियांसाठी राखून ठेवलेली वेळ सकाळी दहा ते अकरा अशी आहे. ज्याने ती ठरविली त्याच्या डोळ्यांपुढे दहा वाजता रिकामी असणारी कोणती स्त्री होती, कोण जाणे. नोकरी करणारी त्या वेळी हजेरीपुस्तकावर सही करीत असते, आणि घरी असणारी पोळ्या लाटीत. शाळांची मैदाने शाळा सुटली की कुलपात जातात. रस्त्याच्या कडेने धावावे तर कडाच नसते, आणि पहाटेच्या अंधारात जेथे मला फक्त कुत्र्यांची भीती, तेथे माझ्या मुलीला आणखी कोणाकोणाची. श्रीमंत माणूस या साऱ्यावर पैसा टाकून मार्ग काढतो. शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांना सार्वजनिक पाणी, सार्वजनिक मैदान आणि दिव्याचा रस्ता यांवाचून गत्यंतर नाही. तलावाचे वेळापत्रक हा क्षुल्लक विषय वाटतो; वस्तुतः तो आरोग्याच्या वाटपाचा विषय आहे.

शर्यतीच्या दिवसाविषयी थोडक्यात सांगतो. तलावाच्या पाण्यात तळाची काळी रेघ नसते आणि धरावयास भिंतही नसते. पहिल्या दीडशे मीटरांत कोणाची तरी टाच नाकावर बसली, श्वास तुटला आणि आपण बुडणार असे मला प्रामाणिकपणे वाटले. मी उताणा झालो, आकाशाकडे पाहिले, विहिरीतल्या डब्याची आठवण काढली आणि श्वास मोजू लागलो. पाण्यातून निघालो तेव्हा चोवीस मिनिटे झाली होती. सायकलची पन्नास मिनिटे सुखाची गेली. धावताना शेवटच्या किलोमीटरला पायांत गोळे आले. अंतिम रेषेपाशी धाकटा आजीच्या कडेवरून उतरून धावत आला आणि त्याने विचारले, "बाबा, तुमचा नंबर कितवा?" पत्नीने परस्पर उत्तर दिले, "बाबांनी पुरी केली." तिच्या आवाजात कौतुक होते. माझ्या गळ्यात पदक होते, आणि ते बावन्न तासांचे होते हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

त्या सोमवारपासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन सकाळी घर माझ्याकडे आहे. आईचा चहा, दोन डबे, धाकट्याची आंघोळ, मुलीच्या वेण्या. पोळ्या अजून गोल होत नाहीत आणि वेण्यांविषयी मुलीची तक्रार आहे. पत्नी त्या वेळात चालावयास जाते. पोहावयास शिकण्याची तिची इच्छा आहे; तलावाची स्त्रियांची वेळ पहाटे सहाची करावी, असा अर्ज आमच्या वसाहतीतील स्त्रियांनी सह्या करून दिलेला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. वही मात्र चालू आहे. आठवड्याला सुमारे चार तास या हिशेबाने बावन्न तासांचे मुद्दल फिटण्यास तेरा आठवडे पुरतील, असे मी एकदा मोठ्या समाधानाने जाहीर केले. "आणि त्याच्या आधीची सोळा वर्षं?" पत्नीने विचारले. तो रकाना अजून आखावयाचा आहे.